क्लाउडमधील सुरक्षा: ग्राहकाचा वाटा कसा ठरत गेला

सर्व्हर संस्थेच्या स्वतःच्या इमारतीत होते तोवर त्यांची राखण कोणी करायची, हा वादाचा विषय नव्हता. २००६ मध्ये ॲमेझॉनने एस३ ही साठवण सेवा आणि ईसी२ ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा सुरू केली, तेव्हापासून यंत्रे एकाची आणि त्यांवरील डेटा दुसऱ्याचा, अशी क्लाउड नावाची व्यवस्था सर्रास होऊ लागली. इमारत, हार्डवेअर आणि आभासी यंत्रे (एका खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले सर्व्हर) चालवणारा थर पुरवठादाराने सांभाळायचा. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट, फायरवॉलचे (नेटवर्कमधील ये-जा गाळणाऱ्या यंत्रणेचे) नियम, खाती आणि डेटा ग्राहकाने पाहायचा, असा सामायिक जबाबदारीचा संकेत त्यातून रूढ झाला. तयार सॉफ्टवेअरच भाड्याने घेतले तर ग्राहकाचे काम बरेच घटते. मात्र कोणाला किती प्रवेश द्यायचा, हा निर्णय त्याच्याकडेच राहतो.

गाजलेल्या अनेक घटना नेमक्या याच ठिकाणी घडल्या. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या ईसी२ नियंत्रण पॅनेलचा ताबा एका खंडणीखोराने मिळवला. कंपनी खाते परत मिळवू पाहत आहे हे लक्षात येताच त्याने आधीच तयार करून ठेवलेल्या जादा लॉगिनमधून डेटा पुसायला सुरुवात केली. बॅकअपही त्याच्या आवाक्यात असल्याने बहुतांश गेले आणि कंपनीला व्यवसाय गुंडाळावा लागला. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या फायरवॉलमधून घुसखोराने क्लाउडमधील तात्पुरती ओळखपत्रे, म्हणजे फाइली उघडू देणाऱ्या डिजिटल किल्ल्या, मिळवली. त्या ओळखीला गरजेपेक्षा जास्त फाइली वाचण्याची मुभा असल्यामुळे अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. नियामकाने २०२० मध्ये ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला तो बँकेला, क्लाउड पुरवठादाराला नव्हे.

तरीही सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारणे पुरेसे नाही, कारण सेवा हाती येते तेव्हा तिची मूळ सेटिंग्ज पुरवठादारानेच ठरवलेली असतात. हे हळूहळू मान्य झाले. कॅपिटल वनच्या घटनेत चोरली गेली तशी ओळखपत्रे मिळवणे अवघड करणारी सुधारणा ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१९ मध्ये आणली, आणि एस३च्या नव्या बकेटना (फाइली ठेवण्याच्या कप्प्यांना) सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद ठेवण्याची पद्धत एप्रिल २०२३ मध्ये सुरू केली. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउडमधील डेटा सेवेच्या अनेक ग्राहकांची खाती चोरीच्या पासवर्डने उघडली गेली. त्या खात्यांना पासवर्डखेरीज दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावलेली नव्हती. त्यानंतर, ऑक्टोबर २०२४ पासून उघडलेल्या नव्या खात्यांत माणसांच्या लॉगिनसाठी ही पडताळणी स्नोफ्लेकने मुळातच चालू ठेवली.