एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले त्याची पार्श्वभूमी

प्रभादेवीला फास्ट लोकल थांबत नाही. लोअर परळ आणि दादर यांच्यामधले हे स्थानक केवळ धीम्या मार्गावरचे आहे. लांबच्या गाड्या आणि फास्ट लोकल शेजारून निघून जातात. इथे उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांचे काम मात्र स्थानकाच्या पश्चिमेला नसून पूर्वेला, रुळांच्या पलीकडे असते. बोरिवली-विरारकडून केईएमला, टाटाला किंवा वाडियाला येणारा रुग्ण आणि त्याचे नातेवाईक इथे उतरतात, जिना चढून परळच्या बाजूला जातात. मध्य मार्गावरून येऊन सेनापती बापट मार्गावरच्या कचेऱ्यांकडे जाणारे उलट दिशेने तोच पूल ओलांडतात. म्हणजे प्रवाशांच्या लेखी हे एकच स्थानक आहे. रेल्वेच्या लेखी ती दोन आहेत आणि त्यांची नावेही दोन आहेत: पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी आणि मध्य रेल्वेचे परळ. गेल्या दहा वर्षांत इथे जे घडले त्याचे मूळ या दुहेरीपणात आहे असे मला वाटते, नावाच्या वादात नाही.

पूर्वेकडची लाइन 1853 ची, बोरीबंदर-ठाण्याची. पश्चिमेकडची कंपनी गुजरातमधून खाली येत 1864 मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. दोन्ही खासगी आणि प्रतिस्पर्धी. त्यांचे रूळ परळपासून दादरपर्यंत जवळजवळ खेटून धावतात. दादरला दोघांनी गावाचेच नाव घेतले. इथे मात्र एकीने परळ हे गावाचे नाव उचलले आणि दुसरीने शेजारच्या रस्त्याचे. 5 नोव्हेंबर 1951 ला दोन्ही जुन्या कंपन्यांच्या जागी सरकारी रेल्वेचे दोन विभाग आले, पण हद्द होती तिथेच राहिली: अलीकडचे फलाट एकाच्या अखत्यारीत, पलीकडचे दुसऱ्याच्या, आणि मधला पूल दोघांच्या प्रवाशांचा.

गिरण्यांबद्दल नव्याने सांगण्यासारखे फारसे नाही. भोंग्यावर चालणाऱ्या या भागात कामगार बहुतांशी चालत कामावर जात, चाळ आणि गिरणी हाकेच्या अंतरावर असत. त्यामुळे स्थानक लहान असले तरी पुरत होते. 18 जानेवारी 1982 चा गिरणी कामगारांचा संप, मग गिरण्यांच्या जमिनींवर नव्या बांधकामाची वाट मोकळी करणारी 1991 ची आणि 2001 ची विकास नियमावली, 2005 मध्ये विकल्या गेलेल्या एल्फिन्स्टन आणि ज्युपिटर या सरकारी मालकीच्या गिरण्या, हा क्रम वाचकांना पाठ असेल. स्थानकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की पायी येणारा कामगार गेला आणि त्याच जमिनीवरच्या काचेच्या मनोऱ्यांत लोकलने येणारा नोकरदार आला. त्या मनोऱ्यांना वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, मिळाले. जिन्याची रुंदी कोणी मोजली नाही.

आता नाव. मुंबईचे एल्फिन्स्टन दोन, आणि चर्चेत त्यांची सरमिसळ नेहमी होते. पेशवाई बुडाल्यावर 1819 ते 1827 या काळात गव्हर्नर असलेला तो माउंटस्टुअर्ट. एल्फिन्स्टन कॉलेज त्याच्या नावाचे. स्थानकाच्या नावातला लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, गव्हर्नर 1853 ते 1860. पहिली आगगाडी तो येण्याच्या काही महिने आधीच सुटली होती, 1857 चा उठाव आणि मुंबई विद्यापीठाची स्थापना मात्र त्याच्या कारकिर्दीतली. नाव बदलण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पेशवाई बुडवणाऱ्याचे नाव कशाला, असा मुद्दा मांडला तो चुकीच्या माणसावर होता. जुने नाव राखा म्हणणाऱ्यांनी शिक्षणप्रसाराचे श्रेय दिले तेही पुष्कळदा दुसऱ्याच्याच वाट्याचे. आणि स्थानकाला नाव मिळाले ते गव्हर्नरावरून थेट नव्हे, रस्त्यावरून. म्हणूनच पाटीवर शेवटी ‘रोड’ असे.

प्रभादेवी हे नाव आले पश्चिमेकडच्या वस्तीवरून, आणि वस्तीला ते देवळावरून. आजचे देऊळ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. देवीची मूर्ती आक्रमणाच्या भीतीने विहिरीत लपवली होती अशी आख्यायिका आहे. नाव जुने आहे, स्थानिक आहे, त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. अडचण भूगोलाची. देऊळ स्थानकापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, तर परळ पुलाच्या दुसऱ्या टोकाला. एकाच पुलाच्या दोन टोकांना एकच नाव द्यावे, दादरसारखे, ही सूचना अधूनमधून होत असे. ती मागे पडली, कारण या नव्या नावामागे अनेक वर्षांची राजकीय मागणी होती आणि त्या सूचनेमागे कोणीच नव्हते.

विधिमंडळात ठराव झाला डिसेंबर 2016 मध्ये, छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात ‘महाराज’ जोडण्याच्या ठरावासोबत. स्थानकाचे नाव राज्य सुचवते, केंद्रीय गृहखाते ना हरकत देते, मग अधिसूचना निघते आणि शेवटी रेल्वे पाट्या, तिकिटे, इंडिकेटर, उद्घोषणा आणि संगणकातली सांकेतिक अक्षरे बदलते. सीएसएमटीचे काम 2017 च्या मध्यावर उरकले. प्रभादेवीच्या पाट्या लागल्या जुलै 2018 मध्ये. मधल्या वर्षभरात जे झाले त्यानंतर पाट्या बदलण्याची घाई कोणालाच शोभली नसती.

29 सप्टेंबर 2017, दसऱ्याच्या आदला दिवस, सकाळी साडेदहाच्या सुमाराची वेळ. पाऊस अचानक कोसळला, पुलावरचे लोक आडोसा धरून थांबले आणि खालून एकापाठोपाठ आलेल्या गाड्यांची गर्दी जिन्यावर चढत राहिली. 23 जणांचा जीव गेला. ‘फूल गिर गया’ हे ‘पूल गिर गया’ असे ऐकू आले आणि घबराट पसरली, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. तो खरा असला तरी कारण नव्हे, फार तर ठिणगी. चौकशीच्या अहवालातही पाऊस आणि गर्दी ही कारणे आली, जणू गर्दी त्या दिवशी पहिल्यांदाच झाली होती. या जागी 12 मीटर रुंदीच्या पुलाला 2015-16 मध्येच मंजुरी मिळालेली होती, खर्च 12 कोटींच्या आत. स्थानिक लोकप्रतिनिधींनी त्यासाठी पत्रे लिहिली होती आणि उत्तरात निधीच्या चणचणीचे कारण आले होते. नावाची फाइल आणि पुलाची फाइल साधारण एकाच काळात सरकत होत्या. ठराव पुलाआधी झाला. पश्चिमेची गाडी आणि मध्यची गाडी यांचे प्रवासी एकाच जिन्यावर किती येतात, याचा एकत्र हिशेब ठेवणारे टेबल दोन्हीपैकी एकाही कार्यालयात नव्हते, असे म्हटल्यास ते फार चुकीचे ठरणार नाही.

ऑक्टोबर अखेरीस लष्कराला पाचारण झाले. परळ-एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवली असे तीन पादचारी पूल. 27 फेब्रुवारी 2018 ला ते खुले झाले, म्हणजे चार महिन्यांत. आपत्तीसाठी राखलेले दल नागरी जिना बांधायला लावावे का, यावर तेव्हा टीका झाली आणि ती रास्त होती. पण वर्षानुवर्षे अडलेली गोष्ट चार महिन्यांत होते, ही त्या टीकेची दुसरी बाजूही टीकाकारांनी बघायला हवी होती. पुढे 3 मार्च 2019 ला पलीकडच्या परळला टर्मिनस झाले आणि तिथूनच सुटणाऱ्या-संपणाऱ्या 32 फेऱ्या सुरू झाल्या. दादरवरचा ताण थोडा हलका झाला, प्रभादेवीच्या जिन्याकडे येणारी माणसे वाढली.

नावांचे प्रकरण मात्र थांबले नाही. 2024 मध्ये राज्याने आणखी सात स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव केला. त्यात करी रोडचे लालबाग, चर्नी रोडचे गिरगाव आणि कॉटन ग्रीनचे काळाचौकी आहे. लालबाग हे नाव करी रोडला प्रभादेवीपेक्षा कितीतरी अधिक चपखल बसते, हे कबूल करायला हरकत नाही.

एल्फिन्स्टन हे नाव रेल्वेच्या पाटीवरून गेले तरी शेजारच्या, शतकाहून जुन्या रस्तापुलाला चिकटून होते. तो पूल सप्टेंबर 2025 मध्ये वाहतुकीला बंद झाला. त्या जागी दुमजली पूल येणार आहे: खालच्या मजल्यावर परळ-प्रभादेवीची रोजची वाहतूक आणि वरून शिवडी-वरळी जोडरस्ता, पुढे अटल सेतूकडे. लगतच्या चाळींतल्या रहिवाशांचा पुनर्वसनावरून विरोध होता, त्यामुळे एप्रिलमध्ये ठरलेली बंदी पुढे ढकलावी लागली होती. गाड्यांना वळसा पडला तो दादरच्या टिळक पुलाचा नाहीतर करी रोडचा. टॅक्सीने केईएमला जाणाऱ्याची मोठी पंचाईत झाली, आणि तेही आता प्रभादेवीला उतरून तोच जिना चढू लागले आहेत.