फोटोमागचा पडदा ठरवण्याआधी

लग्न, साखरपुडा किंवा सेवापूर्तीचा फोटो घरात वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो. म्हणून बुकिंगला आलेल्यांना आम्ही आधी कपडे विचारतो. शालू कोणत्या रंगाचा? सूट कोणता? पडद्याचं त्यानंतर. बऱ्याच घरी उलटं होतं. डेकोरेशनवाल्याकडे मरून मखमल आधीच ठरलेली असते आणि मरून शालूतली नवरी त्यात विरघळून जाते. काळ्या पडद्यापुढे नेव्ही ब्लू सूटचंही तेच, नुसता चेहरा आणि हात तरंगताना दिसतात.

कोणता रंग घ्यावा हे सुचत नसेल तर मध्यम राखाडी घ्या. नमुना पाहून पुष्कळ जण नाक मुरडतात, पण हा पडदा फार कामाचा आहे. त्यावर भरपूर लाइट सोडला की तो जवळजवळ पांढरा होतो, लाइट तोडला की काळपट, आणि लाइटवर निळा जिलेटिन लावला की निळा. एकाच पडद्यावर तीन-चार तऱ्हेचे फोटो निघतात.

पांढऱ्याशुभ्र पडद्याचा आग्रह आम्ही सहसा मोडून काढतो. मागे एवढा उजेड असला की मोबाइल किंवा ऑटोवरचा कॅमेरा सगळं चित्र दाबतो आणि आपल्याकडचे गव्हाळ, सावळे चेहरे आणखी काळवंडतात. मग 'जरा गोरं करून द्या' अशी मागणी येते. आम्ही चेहरे गोरे करून देत नाही. राखाडी, मातकट किंवा गडद हिरव्या पडद्यापुढे, नीट लाइट लावून सावळा रंग इतका देखणा येतो की त्याला हात लावायची गरजच पडत नाही.

कापडाचंही बघा. मखमल उजेड पिते, चमकत नाही. सॅटिन आणि फ्लेक्स फ्लॅश परत फेकतात, म्हणून फ्लेक्सवर डोक्यामागे पांढरा डाग येतो. सुती पडद्याला घडीच्या रेषा पडतात, तो आदल्या दिवशीच वाफेच्या इस्त्रीखाली गेला पाहिजे. एलईडी वॉल घेणार असाल तर फोटोच्या वेळी चित्र स्थिर ठेवायला सांगा. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग वॉलच्या लुकलुकण्याशी जुळला नाही तर फोटोत पट्टे उमटतात.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, भर दुपारी धुळ्याजवळ एका लग्नात आम्हीच चुकलो. वर गुलाबी मंडप, त्यातून गाळून येणारं ऊन, आणि खाली पांढऱ्या टोप्या-धोतरातली वडीलधारी मंडळी. फोटोत टोप्या गुलाबी, धोतरं गुलाबी, चेहरेही तसलेच. कॉम्प्युटरवर टोप्या पांढऱ्या केल्या तर फ्लॅशचा उजेड पडलेले चेहरे हिरवट झाले. तेव्हापासून आम्ही पोर्ट्रेटची जागा रंगीत कापडाखाली घेत नाही. लॉन्सवर असाल तर पांढऱ्या छताचा कोपरा किंवा इमारतीची सावली आमच्यासाठी राखून ठेवा.

त्या कोपऱ्यात पडद्यापासून माणसं पाच-सहा फूट पुढे उभी राहतील एवढी खोली हवी. पडद्याला चिकटून उभं राहिलं की मागे काळी सावली पडते आणि कापडाची सुरकुतीन् सुरकुती दिसते. रुंदीचा हिशोबही आधी करा. कागदी रोल साधारण नऊ फुटांचा येतो, त्यापुढे पाच माणसं नीट मावतात. मामा-मावश्यांसकट पंधरा जणांचा ग्रुप काढायचा असेल तर वीस फुटी कापड सांगावं लागतं. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या आम्ही टाकतोच. झेंडूच्या खऱ्या माळा लावणार असाल तर फोटो सकाळीच उरकू, जळगावच्या मे महिन्यात दुपारपर्यंत त्या माना टाकतात.

सेवापूर्तीच्या फोटोत शाल हीच मोठी रंगाची जागा असते. मागे साधा, गडद पडदा पुरे.

येताना ब्लाउजपीसचा तुकडा आणि सूटचं कापड सोबत आणा. शक्यतो ज्यांचा फोटो काढायचा त्यांनाच घेऊन या. दोन-तीन पडद्यांपुढे उभं करून नमुन्याचे फोटो काढून दाखवतो, पंधरा मिनिटं लागतात. त्याचे पैसे घेत नाही.