मासा निवडताना आधी पिलाचे तोंड पाहावे

घरच्या टाकीत मासे पाळणाऱ्याला कधी ना कधी त्यांची पिले वाढवण्याची ओढ लागते, आणि मग कोणती जात निवडावी हा प्रश्न पडतो. बहुतेक जण रंग, परांची लांबी आणि ती जात टाकीत सहज अंडी घालते का, एवढेच पाहून निर्णय घेतात. वास्तविक गोड्या पाण्यातल्या कितीतरी जाती सकस अन्न आणि योग्य तापमान मिळाले की अंडी घालतात. खरी अडचण त्यानंतर काही दिवसांनी येते, जेव्हा पिलाच्या पोटाशी असलेली बलकाची पिशवी संपते आणि त्याला बाहेरचे अन्न लागते. त्या दिवशी पिलाच्या तोंडात काय मावेल आणि तीन महिन्यांनी ती सगळी पिले कुठे राहतील, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या जातीच्या बाबतीत आपल्याजवळ तयार असतील तीच जात निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मत्स्यव्यवसायात अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलांना मत्स्यजिरे म्हणतात. आकाराची कल्पना त्या शब्दातच आहे. झेब्रा माशाचे पिलू अंड्यातून निघते तेव्हा जेमतेम ३ मिलिमीटर लांब असते आणि त्याच्या तोंडाची फट नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची नुकतीच बाहेर पडलेली अळी पिलांना जिवंत खाद्य म्हणून देतात, ती साधारण अर्धा मिलिमीटर भरते. एंजल माशाची पिले पोहू लागताच ती गिळू शकतात आणि गप्पीच्या पिलांना तर ती जन्मल्या दिवसापासून चालते. झेब्रा आणि फायटर यांच्या पिलांना मात्र पहिले काही दिवस त्याहून सूक्ष्म अन्न द्यावे लागते, म्हणजे पॅरामिशियमसारखे एकपेशीय जीव भरपूर असलेले पाणी. मासे पाळणारे त्याला इन्फुसोरिया म्हणतात. बारीक दळलेल्या कोरड्या खाद्यावर भागेल असे नवख्याला वाटते, परंतु पिलाची शिकारीची प्रेरणा हलणाऱ्या वस्तूने जागी होते. निश्चल पूड तशीच तळाला जाते, सडते आणि पाण्यातला विषारी अमोनिया वाढवते. भरल्या अन्नात पिले उपाशी मरतात ती अशी.

नवख्याला सर्वसाधारणपणे गप्पी सुचवला जातो, आणि त्यामागचे कारण खरे आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या जाती अंडी घालत नाहीत, त्यांची मादी थेट पिलांना जन्म देते. नराच्या गुदपराचे रूपांतर एका नळीसारख्या अवयवात झालेले असते आणि त्याच्या साहाय्याने फलन मादीच्या शरीरातच होते. साधारण चार आठवड्यांनी जन्मणारी पिले ६ ते ८ मिलिमीटर लांबीची, पोहणारी आणि लगेच खाऊ लागणारी असतात, त्यामुळे तोंडाचा प्रश्न येथे उद्भवतच नाही. दुसरा प्रश्न मात्र फार लवकर उभा राहतो. गप्पीची मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि नर जवळ नसतानाही कित्येक महिने विते. एका वेळी ३० पिले धरली तरी तीन महिन्यांत ९० होतात, आणि तोवर पहिल्या खेपेतल्या माद्या स्वतः वयात आलेल्या असतात. येथे माणसाने पैदास करण्याचा निर्णय घ्यावा लागत नाही, ती थांबवण्याचा घ्यावा लागतो. जास्तीची पिले ओढ्यात किंवा तळ्यात सोडणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. गप्पीने आपल्या मूळ प्रदेशाबाहेर, अनेक देशांच्या पाण्यात असेच बस्तान बसवले आहे आणि त्याचा भार तिथल्या मूळच्या जलचरांवर पडतो.

या गटात आणखी एक पथ्य आहे. प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांचा एकाच टाकीत संकर होतो. काही ठिपकेदार प्लॅटींच्या अशा संकरित संततीत त्वचेच्या काळ्या रंगपेशी बेसुमार वाढून मेलानोमा हा कर्करोग होतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मायरन गॉर्डन आणि कर्ट कॉसविग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे दाखवून दिले आणि कर्करोगाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास या छोट्या माशांवर सुरू झाला. म्हणून या दोहोंपैकी एकच जात ठेवावी.

फायटर माशाची वीण मात्र एकदा तरी जवळून पाहावी अशी असते. नर पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचे चिकट बुडबुडे सोडून फेसाचे घरटे बांधतो. त्याखाली तो मादीभोवती शरीराची कमान करून तिला विळखा घालतो, आणि विळखा सुटताच काही पांढरी अंडी हळूहळू खाली जाऊ लागतात. नर त्यांच्यामागे झेपावतो, एकेक अंडे तोंडात धरतो आणि वर नेऊन बुडबुड्यांत बसवतो. पुढे पिले अंड्यांतून निघून घरट्याला लोंबकळत असताना एखादे निसटले तर त्यालाही तो असाच उचलून परत ठेवतो. सगळी अंडी घालून होताच मादीला बाहेर काढावे लागते, कारण आता तोच नर तिच्यावर तुटून पडतो. या सोहळ्यातून शेकडो पिले मिळू शकतात. तथापि वयात येताच नर एकमेकांचे पर फाडतात, त्यामुळे प्रत्येक नराला स्वतंत्र भांडे आणि त्या प्रत्येक भांड्याचे पाणी बदलण्याचे काम आलेच. एवढी तयारी नसेल तर केवळ पाहण्याच्या हौसेपायी ही जात घेऊ नये.

एंजलमध्ये नर-मादी वरून ओळखू येत नाहीत, म्हणून सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवून त्यांना आपापल्या जोड्या जुळवू द्याव्या लागतात. जोडी मोठ्या मायेने अंड्यांना वारा घालते, पण कोवळ्या जोड्या पहिल्या काही खेपांची अंडी स्वतःच खाऊन टाकतात, तेव्हा धीर धरणाऱ्यानेच या वाटेला जावे. निऑन टेट्राला अत्यंत मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी आणि अंड्यांसाठी अंधार लागतो. डिस्कसची पिले तर आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. या दोन्ही जाती अनुभवानंतरच्या आहेत.

पहिल्या प्रयत्नासाठी मी झेब्रा मासा सुचवेन. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये वर्णन केलेली ही साधी पट्टेदार जात आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी तिला आनुवंशिकीच्या अभ्यासात आणले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या जनुकसंचावरून माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोड या माशात सापडते हे कळले. घरच्या पाळणाऱ्याच्या दृष्टीने तिचा मोठा गुण असा की पैदाशीचा दिवस आपण ठरवू शकतो. गोल पोटाच्या माद्या आणि सडपातळ, सोनेरी झाक असलेले नर काही दिवस वेगळे ठेवून भरपूर खाऊ घालावेत, आणि एका संध्याकाळी उथळ पाण्याच्या लहान टाकीत एकत्र सोडावेत. तळाशी गोट्यांचा थर हवाच, कारण हे मासे स्वतःची अंडी खातात आणि गोट्यांच्या फटींतून खाली गेलेलीच अंडी वाचतात. सकाळी उजेड होताच नर पाठलाग सुरू करतात आणि अंडी पडतात. ती झाली की मोठे मासे बाहेर काढावेत. नंतर पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात. बुरशी इतरांवर पसरण्याआधी तीही काढावीत.

मग एक चांगले भिंग घेऊन बसावे. सुमारे १ मिलिमीटरच्या पारदर्शक अंड्यात, पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर, एका दिवसाच्या आत बलकाभोवती वळलेले शरीर दिसते, त्याची शेपटी मधूनच झटका देते आणि हृदय धडधडू लागलेले असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिले बाहेर येऊन काचेला काड्यांसारखी चिकटतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास ती पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी शरीरातली हवेची पिशवी, भरतात आणि आडवी होऊन पोहू लागतात. त्याच क्षणापासून त्यांना भूक असते. म्हणून इन्फुसोरियाची बरणी, टाकीचे पाणी आणि वाळलेले पान घालून, मासे एकत्र सोडण्याच्या आधीच उजेडात ठेवलेली असावी, आणि जुन्या टाकीत काही आठवडे चाललेला, अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनी भरलेला स्पंज फिल्टर पिलांच्या टाकीत मंद हवेवर चालू असावा.