उभं राहताच उतरणारं बीपी

इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरातलं नेहमीचं दृश्य: आजोबा तासभर पाटावर बसून पूजा करतात, आरतीला उठतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजलेलं बीपी १४०/८० भरतं, मग सगळं खापर पित्तावर फुटतं. दोष मोजण्याच्या रीतीत असतो.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची इटलीचे डॉक्टर रिवा-रोची यांची युक्ती १८९६ची, तर स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची रशियाचे डॉक्टर कोरोटकॉफ यांची १९०५ची. त्यानंतर १९२५ साली अमेरिकेत ब्रॅडबरी आणि एगलस्टन या डॉक्टरांनी तीन रुग्णांची नोंद केली. उभं राहताच त्यांचा दाब कोसळे, पण नाडी वाढत नसे. घाम येत नसे आणि उन्हाळ्यात हाल वाढत.

नाडीची ती खूण आजही उपयोगी पडते. उभं राहिलं की अर्धा ते एक लिटर रक्त पोटात-पायांत उतरतं. नसा (म्हणजे मज्जातंतू) शाबूत असल्या तर रक्तवाहिन्या आवळतात, नाडी वाढते. दाब पडूनही नाडी जेमतेम हलली तर मधुमेहाने किंवा पार्किन्सनने नसा बिघडल्याची शंका घ्यावी (बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारी बीपीची गोळी, चालू नाही ना, हे आधी पाहून). नाडी भराभर वाढली तर जुलाब, कमी पाणी, निर्जळी उपास यांची चौकशी करावी.

या घसरणीची व्याख्या ठरली १९९६ला: उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १०ने घसरणं. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजायचं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. इथे हमखास चूक होते ती हाताची. हात खाली लोंबता राहिला की आकडा जास्त येतो आणि घसरण झाकली जाते. म्हणून दंड छातीच्या पातळीवर धरावा.

औषधांत १९५०च्या दशकातलं, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन आलं; पुढे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मिडोड्रिनला १९९६ला अमेरिकेत परवानगी मिळाली. दोन्हींनी झोपल्यावर बीपी चढू शकतं. मिडोड्रिनचा शेवटचा डोस झोपण्याच्या चार तास आधीच संपवतात. फ्लुड्रोकॉर्टिसोनने पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात. पण नवी गोळी लिहिण्याआधी जुनी पिशवी उलटी करावी. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, लघवी वाढवणारी गोळी, झोपेसाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन: बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो. मात्र गोळी घरच्या घरी बंद करू नये, डॉक्टरांना दाखवून बदलावी. हृदय-किडनीमुळे पाण्यावर बंधन नसेल, तर सकाळी उठण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी भरभर पिऊन थोडं थांबावं, मगच पाय खाली सोडावेत.