स्पिरुलिना आणि क्लोरेला: रंग एक, प्रथिनांचा हिशेब वेगळा

औषधांच्या दुकानात या दोघींच्या बाटल्या शेजारी शेजारी असतात. गोळ्या तशाच गडद हिरव्या, वर 'शाकाहारी प्रथिन' असं ठळक लिहिलेलं, आणि दोघींनाही सरसकट 'शेवाळ' म्हणायची पद्धत. म्हणून 'एक नसेल तर दुसरी घ्या' असं सहज सांगितलं जातं. हा सल्ला मला पटत नाही. दूध-अंडीही सोडलेल्या माणसाने तर तो मुळीच ऐकू नये.

फरक घरी डोळ्यांनी बघता येतो. दोन काचेच्या पेल्यांत थंड पाणी घ्या, दोन्हींची पावडर चिमूट-चिमूट टाका, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळणकागदातून गाळा. स्पिरुलिनाचं पाणी निळं उतरतं. ते उन्हात धरलं तर त्यात लालसर झाक दिसते. हा फायकोसायनिनचा रंग, आणि फायकोसायनिन हे स्वतःच एक प्रथिन आहे. क्लोरेलात ते नसतं. तिचा हिरवेपणा हरितद्रव्याचा आणि हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तिचं पाणी निळं होत नाही, हिरवा गाळ कागदावरच राहतो. आता ते निळं पाणी गॅसवर ठेवा. उकळी फुटायच्या आधीच रंग उडू लागतो. स्पिरुलिना घालून केलेल्या थालीपिठात निळसर छटा का उरत नाही, ते इथेच कळतं.

स्पिरुलिना हा खरं तर जीवाणूंच्या कुळातला जीव आहे. भातखाचरात नत्रासाठी सोडतात ते निळे-हिरवे शेवाळ तिच्याच गोतातलं, फक्त स्पिरुलिनाला हवेतला नत्र धरता येत नाही. जीवाणू म्हटल्यावर काही शाकाहारी मंडळी बिचकतात, पण दह्यातही जीवाणूच असतात. क्लोरेला मात्र खरीखुरी हरित शैवाल: एकच गोल पेशी, तिच्यात केंद्रक आणि हरितलवक. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी तिचं वर्णन १८९० मध्ये केलं.

स्पिरुलिनाला खारं, सोड्यासारखं अल्कधर्मी पाणी मानवतं. आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे बुलढाण्यातलं लोणार सरोवर. तिथल्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो आणि त्यात ती आपसूक वाढते. (जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं, ते हिच्यामुळे नव्हे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे मीठप्रिय सूक्ष्मजीव आढळले.) अशा पाण्यात दुसरे जीव फारसे टिकत नाहीत, म्हणून उघड्या हौदातही स्पिरुलिनाचं पीक बऱ्यापैकी शुद्ध राहतं. तिचे पीळदार तंतू लांब असल्याने ते बारीक विणीच्या कापडातून गाळून काढता येतात. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या बायका ती अशीच गोळा करतात, वाळूवर वाळवून तिच्या वड्या पाडतात आणि त्या कालवणात घालतात. मेक्सिकोत टेश्कोको सरोवरातून अ‍ॅझ्टेक लोकही ती काढून खात असत.

क्लोरेलाला असा खाण्याचा वारसा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढत्या लोकसंख्येला प्रथिनं पुरणार कशी, या धास्तीतून तिच्यावर मोठं काम सुरू झालं. अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेने १९५३ मध्ये शैवालशेतीवरचा जाडजूड अहवाल काढला, जपानमध्येही प्रयोग झाले. पण ती गोड्या पाण्यातली, म्हणजे हौदात भेसळीचा धोका जास्त. पेशी जेमतेम २ ते १० मायक्रॉनची, म्हणजे कापडातून निसटणारी. ती वेगळी करायला सेंट्रिफ्यूज, म्हणजे पाणी वेगाने फिरवून पेशी बाजूला काढणारं यंत्र लागतं आणि तिथेच खर्च वाढतो. जगाची भूक भागवण्याचं स्वप्न मागे पडलं आणि ती गोळ्यांच्या बाटलीत जाऊन बसली.

आता मुद्द्याचं, म्हणजे प्रथिनांचं. कोरड्या वजनात स्पिरुलिनात साधारण ५५ ते ७० टक्के, क्लोरेलात ५० ते ६० टक्के. लेबलवर दोन्ही आकडे तोडीस तोड वाटतात, पण पोटात गेल्यावर चित्र बदलतं. स्पिरुलिनाच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज नसतं, ती सहज फुटते आणि आतलं प्रथिन पचतं. क्लोरेलाची भित्तिका चिवट असते. ती न फोडलेली पावडर खाल्ली तर बरंचसं प्रथिन, न चावता गिळलेल्या मुगासारखं, जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणून कारखान्यात बारीक मण्यांच्या गिरणीत किंवा जोरदार दाबाखाली ती फोडतात. क्लोरेला घ्यायचीच असेल तर लेबलवर 'ब्रोकन सेल वॉल' लिहिलंय का ते आधी बघा. त्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

बर्गर, पास्ता, अंड्याविना मेयोनीज अशा पदार्थांत घालायची तर मी क्लोरेलाच्या बाजूने आहे. कारण तिला उजेड लागतोच असं नाही. बंद टाकीत, अंधारात, ग्लुकोजवर वाढवली आणि योग्य वाण निवडला तर हरितद्रव्य कमी बनतं, पावडर पिवळसर निघते, गवताळ वासही उतरतो. स्पिरुलिनाला ही सोय नाही. पदार्थात तिचं प्रमाण थोडं वाढलं की रंग आणि तळ्याचा वास सगळ्यावर मात करतात. उलट निळ्या रंगासाठी तिला खरी मागणी आहे: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये तिचा अर्क गोळ्या-चॉकलेटांत आणि च्युइंगगममध्ये रंग म्हणून वापरायला परवानगी दिली.

प्रमाणाचा विचार केला तर दोघीही डाळीची जागा घेत नाहीत. दिवसाला ३ ग्रॅम स्पिरुलिना घेतली तर प्रथिन जेमतेम २ ग्रॅमच्या आसपास भरतं. ५० ग्रॅम तूरडाळीतून जवळपास ११ ग्रॅम मिळतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने स्पिरुलिनाची चिक्की तयार केली ती मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. तिथे प्रथिनांचा मोठा भार शेंगदाणे उचलतात आणि स्पिरुलिना जोडीला असते.

क्लोरेलात रक्त गोठायला मदत करणारं के जीवनसत्त्व भरपूर असतं. घरात कोणी रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नका.

आणि बी-१२. माझी सगळ्यात जास्त काळजी इथे आहे, कारण शाकाहारी घरांत त्याची कमतरता पावलोपावली दिसते. स्पिरुलिनाच्या पाकिटावर बी-१२ चा मोठा आकडा छापलेला असतो. पण तिच्यातलं बहुतांश द्रव्य हे बी-१२ सारखं दिसणारं, माणसाच्या शरीराला न वापरता येणारं रूप आहे. सूक्ष्मजीव वापरून केलेल्या जुन्या पद्धतीच्या मोजणीत ते खऱ्याबरोबर मोजलं जातं. क्लोरेलाच्या काही नमुन्यांत खरं बी-१२ सापडतं, काहींत ते नसल्यातच जमा, आणि बाटलीवरून ते ओळखता येत नाही. हातापायांना मुंग्या येत असतील, थकवा जात नसेल, तर दोन्ही बाटल्या बाजूला ठेवा, रक्ततपासणी करा आणि डॉक्टर सांगतील ती बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन घ्या. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.