केसाचा पीळ

२८ जानेवारी १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ‘पर्पल मॅनर’ या क्लबमध्ये ‘नॅचरली ’६२’ नावाचा फॅशन शो झाला. त्यात ‘ग्रँडासा मॉडेल्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कृष्णवर्णीय तरुणी आफ्रिकी धाटणीचे कपडे घालून आणि केस जसे उगवतात तसेच ठेवून मंचावर आल्या. आयोजकांपैकी एक असलेले छायाचित्रकार क्वामे ब्रॅथवेट यांनी या तरुणींची जी छायाचित्रे टिपली, त्यांमुळे ‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’ हे शब्द दूरवर पोहोचले. स्वतःचे केस न बदलता लोकांसमोर येण्यात एवढे धाडस कोणते, हे कळण्यासाठी आधी केसाकडेच पाहावे लागते.

केस हा केरॅटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या अणूंमधील बंधांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. ज्या केशकूपातून केस उगवतो तो सरळ असेल तर केस सरळ येतो. आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांत केशकूप त्वचेखाली वळलेला असतो, आणि त्यातून येणाऱ्या केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा, लंबवर्तुळाकार असतो. असा केस स्वतःभोवती पीळ घेत वाढतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे तेल या वळणांवरून टोकापर्यंत सहज उतरत नाही, म्हणून केस कोरडा राहतो आणि प्रत्येक वळणावर तुटण्याची शक्यता वाढते. आफ्रिकेतील असंख्य प्रकारच्या वेण्या आणि तेल-लोण्याचे लेप यांत सौंदर्यदृष्टी आहेच, पण केस तुटू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले ज्ञानही आहे.

या पिळाचा शरीराला उपयोगही आहे. २०२३ मध्ये टीना लसीसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णता मोजणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर मानवी केसांचे वेगवेगळे टोप चढवून त्यावर सूर्यासारखा प्रकाश सोडला. कोणत्याही केसांमुळे डोक्याला बसणारी उष्णता कमी झाली, परंतु दाट कुरळ्या केसांनी ती सर्वांत जास्त रोखली. घाम गाळून पाणी न गमावता मेंदू थंड ठेवण्याची ही सोय आफ्रिकेच्या उन्हात आपल्या पूर्वजांच्या कामी आली असावी, असा या संशोधकांचा तर्क आहे.

अमेरिकेत मात्र याच केसांना शतकानुशतके कमीपणा चिकटवला गेला. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालील लुईझियानाचे गव्हर्नर मिरो यांनी कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांना डोके फडक्याने झाकण्याचा हुकूम दिला. त्या स्त्रियांनी हुकूम पाळला, पण उत्तमोत्तम रंगीत कापडे निवडून आणि ती डौलदार बांधून त्या फडक्याचीच फॅशन केली. मद्रासकडून जाणारे चौकड्यांचे सुती कापडही त्यासाठी वापरले जाई, ही गोष्ट भारतीय वाचकाला विशेष वाटावी.

विसाव्या शतकात केस सरळ करण्यासाठी तापवलेला धातूचा कंगवा रूढ झाला आणि नंतर रिलॅक्सर ही रसायने आली. रिलॅक्सरमध्ये अनेकदा कॉस्टिक सोडा असतो. त्याच्या तीव्र अल्कलीमुळे गंधकाचे बंध तुटतात आणि तो केस पुन्हा कुरळा होत नाही. केशकूप मात्र वळलेलाच राहत असल्याने नवा केस पीळ घेऊनच उगवतो आणि थोड्या काळाने सगळे पुन्हा करावे लागते. टाळू भाजण्याचा धोका पत्करून स्त्रिया हे करत, याला हौस म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ‘नीटनेटके’ केस नसतील तर नोकरी मिळणे अवघड होते. या रसायनांविषयीची काळजी अजून संपलेली नाही. अमेरिकेतील ३३,४९७ स्त्रियांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्या स्त्रियांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका ४.०५ टक्के, तर न करणाऱ्यांना १.६४ टक्के आढळला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरी तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

ही पार्श्वभूमी असल्यामुळेच साठच्या दशकातील ‘आफ्रो’, म्हणजे कुरळे केस सरळ न करता डोक्याभोवती गोलाकार फुलवून ठेवणे, ही साधी केशरचना राहिली नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९६६ मध्ये ओकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आणि याच लढ्यातील कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांनी तिला चळवळीची खूण केले. (याच पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली.) आफ्रोसाठी लांब, विरळ दातांचा कंगवा लागतो, कारण तो केस मुळापासून उचलतो आणि वळणे तोडत नाही. असे कंगवे प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतही सापडले आहेत. सत्तरच्या दशकात अशा कंगव्यांच्या दांड्यावर कृष्णवर्णीय चळवळीची खूण असलेली आवळलेली मूठ आली. बाजारही मागे राहिला नाही. केस सरळ करणारी क्रीम विकून मोठी झालेली शिकागोची जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कृष्णवर्णीय मालकीची कंपनी आता आफ्रोसाठीचे ‘आफ्रो शीन’ हे उत्पादन विकू लागली. दशक संपता संपता रसायनाने कुरळेपणा सैल करणारी ‘जेरी कर्ल’ची फॅशन आली आणि आफ्रो मागे पडला.

न्यायालयात मात्र प्रश्न तसाच होता. १९८१ मध्ये एका विमान कंपनीतील कर्मचारी स्त्रीने, बारीक वेण्या घालण्यास मनाई करणे हा वंशभेद असल्याचा दावा केला. वेणी निसर्गाने येत नाही आणि ती सहज सोडता येते, असे म्हणून न्यायालयाने तो फेटाळला. केसाचा पीळ निसर्गाचा असेल तर तो तुटू नये म्हणून घातलेली वेणी निव्वळ आवड कशी ठरते, याचे उत्तर त्या निकालात मिळत नाही. ३ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियाने केसांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करणारा ‘क्राउन’ कायदा मंजूर केला, तेव्हा वंशाच्या व्याख्येत केसांचा पोत आला आणि त्याच्या शेजारी वेण्या, जटा व पिळांच्या केशरचनाही आल्या. कायद्याने त्यांना नाव दिले आहे ‘संरक्षक केशरचना’.