ऊन भरपूर, तरी ट्रॅप कॅमेरा बंद का पडतो?

नागपूरकरांचा एक पक्का समज आहे, की आपल्याकडे एवढं तापतं म्हणजे सोलर प्लेट आपल्याकडे धो धो वीज देत असणार. मे महिन्यात हा समज जास्तच फोफावतो. 2024 च्या मे अखेरीस एका ऑटोमॅटिक हवामान यंत्राने नागपुरात 56 डिग्री दाखवले तेव्हा लोकांनी तो आकडा फॉरवर्ड करून करून झिजवला, नंतर सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्याने सांगितलं, ते फॉरवर्ड करायला मात्र कोणाला फारशी घाई नव्हती. असो. मुद्दा असा की सोलर प्लेटला गर्मी नको असते, उजेड हवा असतो. आणि हा फरक सगळ्यात जास्त कोणाला भोवतो, तर शेताच्या धुऱ्यावर नाहीतर जंगलाच्या कडेला ट्रॅप कॅमेरा लावणाऱ्यांना.

ट्रॅप कॅमेरा म्हणजे झाडाला पट्ट्याने बांधलेला डबा, समोरून गरम अंगाचं काही हललं की आपोआप फोटो काढतो. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लागले, त्यांनी जवळजवळ साडेतीन कोटी फोटो काढले, त्यातले 76,651 वाघांचे, आणि गिनीज बुकात नोंद झाली. आता उमरेड, पारशिवनी, काटोलकडे शेतकरीसुद्धा विचारतात, कारण रात्री रोही (नीलगाय) येतो की रानडुक्कर, की त्यांच्यामागे बिबट, हे कळलेलं बरं असतं. (स्वतःच्या शेतात ठीक, जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय लावायचा नाही.) कॅमेरा पेन्सिल सेलवर चालतो, सेल संपतात, मग कोणीतरी म्हणतं सोलर लाव ना भाऊ, झंझटच नाही.

झंझट आहे. पण आधी कॅमेरा खातो किती ते बघू. नुसता वाट बघत बसलेला कॅमेरा फार कमी खातो, समजा 0.2 मिलीअँपिअर, म्हणजे पूर्ण दिवसाचे झाले सुमारे 5 मिलीअँपिअर-अवर. पण रात्री इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचे एलईडी लावून 20 सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि तेव्हा 1 अँपिअर लागला, तर त्या एका व्हिडिओत साडेपाच मिलीअँपिअर-अवर गेले. म्हणजे दिवसभराच्या बसण्यापेक्षा जास्त 20 सेकंदांत. आता समोर उंच गवत असेल, उन्हाने तापलेलं, वाऱ्याने हलणारं, तर सेन्सर फसतो आणि कॅमेरा दिवसभर गवताचे व्हिडिओ काढत बसतो. दिवसा एलईडी लागत नाही म्हणून एकेक व्हिडिओ स्वस्त पडतो, पण असे शेकड्यांनी झाले तर नवे सेलसुद्धा दोन-तीन आठवड्यांत झोपतात. त्यामुळे सोलर घेण्याआधी विळा घ्या.

त्या एलईडीचं अजून एक. 850 नॅनोमीटर तरंगलांबीचे असतील तर अंधारात बारीक लालसर चमक दिसते, 940 चे असतील तर दिसत नाही. झाडाच्या बुंध्यावर मधूनच लाल चमकतं म्हटल्यावर चकवा, डाकीण असली सगळी मंडळी एका रात्रीत गावात हजर होऊ शकतात, तेव्हा शेजारच्या शेतवाल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नारळ फुटेल आणि कॅमेऱ्यात ते पण रेकॉर्ड होईल.

आता प्लेट. लहान 6 व्होल्टच्या प्लेटवर नीट बघितलं तर काळ्या-निळ्या 12 पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टी हा एक स्वतंत्र सोलर सेल आहे, काम करताना सुमारे अर्धा व्होल्ट देणारा. अर्धा गुणिले 12, झाले 6. पट्ट्या एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेल्या असतात.

गर्मीचं थोडक्यात सांगतो. प्लेटवर लिहिलेले वॉट हे सेलचं तापमान 25 डिग्री धरून असतात. मे मध्ये हवा 45 डिग्री असेल तर उन्हात ठेवलेली प्लेट आरामात 70 ला जाते. सिलिकॉनच्या सेलचा व्होल्टेज दर डिग्रीला साधारण 2 मिलीव्होल्टने पडतो, 45 डिग्री वाढले म्हणजे एका पट्टीमागे 90 मिलीव्होल्ट, 12 पट्ट्यांचे मिळून 1 व्होल्टच्या वर. सहाची प्लेट पाचवर आली, एकूण पॉवरमध्ये पंधरा-वीस टक्के तूट. म्हणजे उजेड तेवढाच असेल तर डिसेंबरची गार प्लेट मे मधल्या प्लेटपेक्षा जास्त वीज देते. पण खरं सांगायचं तर एवढ्याने कॅमेरा मरत नाही. कॅमेरा मरतो सावलीने, आणि माझ्या मते या सगळ्या भानगडीत सगळ्यात मजेदार गोष्ट तीच आहे.

उजेड पडला की सेलमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात. जितका उजेड तितके इलेक्ट्रॉन, म्हणजे करंट उजेडाच्या प्रमाणात. व्होल्टेज मात्र उजेड कमी झाला तरी फारसा पडत नाही. आता पट्ट्या सिरीजमध्ये, म्हणजे सगळ्यांतून एकच करंट जाणार. शेतात पाणी सोडलं आणि रबरी नळीवर एका जागी पाय दिला तर पुढे पाणी तेवढंच, नळी कितीही लांब आणि जाड असो. तसंच 12 पैकी एका पट्टीवर पानाची सावली पडली, तिचा पाऊण भाग झाकला गेला, तर ती पट्टी पाव करंट देते आणि मग अख्खी प्लेट जवळजवळ पाव करंटच देते. हिशेब करा, झाकला किती? बाराव्याचा पाऊण, म्हणजे प्लेटचा सोळावा भाग. सहा टक्के झाकले, पंचाहत्तर टक्के गेले!

हे घरी करून बघता येतं. लहान प्लेट उन्हात ठेवा, मल्टीमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर लावा, 5 वॉटची असेल तर 0.8 च्या आसपास आकडा येईल. आता एका पट्टीवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, आकडा धपकन खाली. मग मीटर व्होल्टवर करून तीच प्लेट परत मोजा, पूर्वी सव्वासात होते तर आता साडेसहा वगैरे, म्हणजे प्लेट एकदम ठणठणीत वाटते. ‘व्होल्टेज तर बरोबर येऊन राहिला, मग कॅमेराच खराब असेल’ असं बरेच जण इथेच म्हणतात आणि कॅमेरा रिपेअरला जातो. काही न जोडलेल्या मोकळ्या प्लेटचा व्होल्टेज मोजून काही कळत नाही, करंट मोजा.

पुढची गंमत अजून वाईट आहे. सावलीतल्या पट्टीला बाकीच्या 11 पट्ट्या गप्प बसू देत नाहीत, आपला करंट तिच्यातून ढकलायला बघतात, आणि तिच्यावर उलटा व्होल्टेज चढतो. म्हणजे ती पट्टी आता वीज बनवत नाही, वीज खाते, आणि खाल्लेली वीज उष्णता होऊन तिथेच निघते. याला हॉट स्पॉट म्हणतात, मोठ्या प्लेटवर त्याने तपकिरी डाग पडतात, काच तडकू शकते. म्हणून छतावरच्या 60 सेलच्या प्लेटमध्ये वीस-वीसच्या तीन गटांना एकेक बायपास डायोड असतो, गटात सावली आली की करंट त्या गटाला वळसा घालून जातो, तिसरा हिस्सा गेला पण बाकी वाचला. कॅमेऱ्याच्या लहान प्लेटमध्ये हा डायोड सहसा नसतोच.

यातून एक फुकटचा इलाज निघतो. फांदीची लांब सावली पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच पडली तर एक पट्टी पूर्ण जाते आणि तिच्याबरोबर प्लेट. तीच प्लेट 90 अंशात फिरवून बांधली तर तीच सावली सगळ्या पट्ट्यांना ओलांडून जाते, प्रत्येकीचं थोडं थोडं जातं, आणि तोटा सावलीएवढाच होतो. स्क्रू काढा, फिरवा, लावा. दुसरा इलाज, एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान प्लेट पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी वेगळ्या वाटेने जोडून लावायच्या, एक पूर्वेकडे कललेली, एक पश्चिमेकडे, प्रत्येकीला एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट). एक सावलीत गेली तरी दुसरी अडत नाही.

आपल्याकडचं जंगल तर यात खास फसवतं. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, सगळीकडे पानझडी जंगल, साग भरपूर. एप्रिलमध्ये साग उघडा पडलेला, ऊन थेट जमिनीवर, त्यात बसवलेली प्लेट झकास चालते. पावसाळा लागला की तोच साग हातभर पानं काढतो, वर ढग, आणि जुलैत कॅमेरा गप्प. ढगांचं एक बरं असतं, त्यात उजेड सगळीकडून सारखा येतो, धारदार सावली नसते, त्यामुळे सगळ्या पट्ट्या सारख्याच उपाशी राहतात, एकीमुळे बाकीच्या मरत नाहीत. पण पान ते पानच.

तिरपं किती लावायचं? नागपूर 21 अंश अक्षांशावर, म्हणून वर्षभरासाठी दक्षिणेकडे वीसेक अंश. तसं मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो, पण त्यासाठी फिरवाफिरवी नको. पूर्ण सपाट तर अजिबात नको, पाणी साचतं, पाखरांची शीट बसते, आणि ती शीट म्हणजे परत एका पट्टीवर सावलीच.

प्लेट उन्हात आणि कॅमेरा सावलीत ठेवा, मध्ये चार-पाच मीटर वायर. कॅमेऱ्यालाच चिकटलेली प्लेट दिसायला भारी, पण मग बॅटरी पण उन्हात भाजते. साध्या लिथियम आयन बॅटरीला 45 डिग्रीच्या वर चार्ज करू नये, चांगला चार्जिंग कंट्रोलर तेव्हा चार्जिंग तोडतो, म्हणजे ऊन सगळ्यात कडक तेव्हाच चार्जिंग बंद. लिथियम आयर्न फॉस्फेट जास्त सोसते. वायर जाड घ्या आणि पाइपातून न्या, खारी कुरतडतात. वानरांसाठी काही उपाय नाही, मजबूत बांधा एवढंच.

आणि हे सगळं जमून मे मध्ये बॅटरी फुल असूनही दुपारचे फोटो कमी आले, तर प्लेटला शिव्या देऊ नका. सेन्सर बघतो तो अंगाची गर्मी आणि मागच्या जमिनीची गर्मी यातला फरक. दुपारी दगड-माती जनावराच्या अंगाइतकी तापली की फरकच उरत नाही, रोही समोरून जातो आणि कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही.